‘तुम्ही मला कोण म्हणता?’: दृढीकरणाच्या वर्गातले काही महिने

दृढीकरण म्हणजे काय, हे ख्रिस्ती नसलेल्या वाचकांसाठी आधी सांगायला हवे. आमच्या परंपरेत बहुतेकांचा बाप्तिस्मा तान्हेपणीच होतो आणि त्या वेळी बाळाच्या वतीने आईवडील व धर्ममातापिता विश्वासाची कबुली देतात. पुढे समज आल्यावर तीच कबुली स्वतःच्या तोंडाने मंडळीसमोर, म्हणजे चर्चच्या सभासदांसमोर, द्यायची, बिशपांनी मस्तकावर हात ठेवून पवित्र आत्म्याच्या सामर्थ्यासाठी प्रार्थना करायची आणि त्यानंतर प्रभुभोजनात, म्हणजे भाकर आणि प्याला घेण्याच्या विधीत, सहभागी व्हायचे, असा हा विधी आहे. साधारणपणे आठवी-नववीतली मुले त्यासाठी तयार केली जातात. माझ्या वडिलांच्या नोकरीत दर दोन-तीन वर्षांनी बदली होत असे, त्यामुळे ते वय निघून गेले. पुढे शिक्षण, नोकरी आणि संसार यांत हा विषय मागेच राहिला. चाळिशी ओलांडल्यावर मी पुण्यातल्या आमच्या मंडळीच्या पाळकसाहेबांना विचारले, तेव्हा ते म्हणाले, “वर्ग मुलांचा आहे, पण तुम्ही या. मुलांपेक्षा तुमचेच प्रश्न अवघड असतील.”

आमची मंडळी उत्तर भारतीय ख्रिस्ती मंडळीचा, म्हणजे सीएनआयचा भाग आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा निरनिराळ्या प्रॉटेस्टंट मंडळ्या एकत्र येऊन ती स्थापन झाली. अँग्लिकन, प्रेसबिटेरियन, बाप्टिस्ट, मेथडिस्ट असे वेगवेगळे प्रवाह त्यात मिसळलेले असल्यामुळे आमच्याकडे शिकवण्याची एकच ठरीव पोथी नाही. पाळकसाहेबांनी हे जमेस धरूनच वर्गाची आखणी केली होती. दिवाळीनंतर दर शनिवारी संध्याकाळी देवालयाच्या, म्हणजे चर्चच्या इमारतीच्या, बाजूच्या खोलीत आम्ही जमत असू. बरीचशी शाळकरी मुले, चिंचवडच्या एका कारखान्यात काम करणारा एक तरुण, मूळच्या नगरकडच्या एक परिचारिका ताई आणि मी, एवढेच आम्ही होतो. पुण्यातल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांची मुळे बहुधा नगर, राहुरी, जालना या बाजूला असतात. ताईंच्या घराण्यातही चार पिढ्यांपासून अमेरिकन मराठी मिशनची परंपरा होती.

मला वाटले होते, पहिल्या दिवशी प्रेषितांचा विश्वासांगीकार, म्हणजे विश्वासाची जुनी ठरलेली कबुली, पाठ करून घेतील. तसे झाले नाही. पाळकसाहेबांनी मार्कचे शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चार चरित्रांपैकी एक, सुरुवातीपासून मोठ्याने वाचायला लावले आणि प्रत्येकाला वहीच्या पानावर मधोमध रेघ ओढायला सांगितले. येशू अगदी आपल्यासारखा माणूस दिसतो, असे जे वाटेल ते डावीकडे लिहायचे. हे काम देवाखेरीज कोणी करू शकत नाही, असे जे वाटेल ते उजवीकडे. मार्क हे चार शुभवर्तमानांतले सर्वांत लहान. त्यात जन्मकथा नाही. योहानाच्या शुभवर्तमानातली “प्रारंभी शब्द होता” ही भव्य सुरुवातही नाही. तरीही दुसऱ्याच अध्यायात पक्षाघाती माणसाला तो “तुझ्या पापांची क्षमा झाली आहे” असे सांगतो आणि शास्त्री, म्हणजे यहूदी धर्मशास्त्राचे शिक्षक, मनात म्हणतात की देवावाचून पापांची क्षमा कोण करू शकतो. हे उजवीकडे गेले. चौथ्या अध्यायात मात्र आमची पंचाईत झाली. दिवसभराच्या श्रमाने थकलेला येशू नावेच्या मागच्या बाजूला उशीवर डोके टेकून झोपला आहे, वादळ उठले तरी त्याला जाग येत नाही. शिष्य उठवतात आणि तो वाऱ्याला धमकावतो, समुद्राला “शांत हो” म्हणतो आणि समुद्र निपचित पडतो. एका मुलीने ही एकच घटना दोन्ही बाजूंना लिहिली. पाळकसाहेबांनी तिची वही सगळ्यांना दाखवली आणि विचारले, “झोपलेला एक आणि वादळ शमवणारा दुसरा, असे दोन येशू आहेत का?” मुलांनी एका सुरात नाही म्हटले. “मग ही मधली रेघ त्याच्यामधून जात नाही, हे लक्षात ठेवा. ती फक्त आपल्या वहीत आहे.”

पुढचे कित्येक आठवडे आम्ही जे शिकलो, ते सारे या एका वाक्यातच सामावलेले होते, हे मला नंतर समजले. मात्र तिथपर्यंत यायला मंडळीला शतके लागली आणि तो इतिहास आम्हांला बऱ्याच तपशिलात शिकवला गेला. अलेक्झांड्रियाचा पाळक एरियस याचे म्हणणे असे होते की पुत्र, म्हणजे ख्रिस्त, कितीही थोर असला तरी तो पित्याने निर्माण केलेला आहे आणि तो नव्हता असा एक काळ होता. ३२५ मध्ये सम्राट कॉन्स्टन्टाइनने नायसिया येथे, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या इझनिक गावी, बिशपांची सभा बोलावली. त्या सभेने ठरवले की पुत्र “खऱ्या देवापासून खरा देव, जन्मलेला, घडवलेला नव्हे, पित्याशी एकतत्त्व” आहे. त्या सभेला अलेक्झांड्रियाच्या बिशपांबरोबर अथनेशियस नावाचा एक तरुण सेवक आला होता. पुढे तोच बिशप झाला आणि या एका कबुलीसाठी पाच वेळा हद्दपार झाला. कारखान्यातल्या तरुणाने विचारले, एवढ्या सूक्ष्म गोष्टीसाठी माणसाने आयुष्य का पणाला लावावे? पाळकसाहेबांनी त्याला अथनेशियसचाच युक्तिवाद सांगितला. जो स्वतः निर्मिलेला आहे, तो निर्मिलेल्यांना देवाशी जोडू शकत नाही. कारण तोही दरीच्या आपल्याच काठावर उभा असतो. तारण, म्हणजे पापातून सुटका, देवच करू शकतो, आणि येशूने तारण केले असा आपला अनुभव असेल, तर त्याच्याविषयी याहून कमी काही म्हणता येत नाही.

मला त्या संध्याकाळी प्रथमच जाणवले की ख्रिस्त कोण आहे, हा प्रश्न तत्त्वज्ञांनी हौसेने उकरून काढलेला नव्हता. तो आपल्यासाठी काय करतो, या प्रश्नातून तो उभा राहिलेला होता. त्यानंतरचे प्रत्येक प्रकरण मी याच बाजूने वाचू लागले आणि आधी कोरडे वाटणारे शब्द एकेक करून अर्थपूर्ण होऊ लागले.

उलट बाजूचे उदाहरण अपोलिनारिसचे. येशू देव आहे, हे त्याला पूर्ण मान्य होते. इतके, की येशूला मानवी बुद्धी नव्हती, तिच्या जागी देवाचा शब्दच, म्हणजे देवाचा पुत्रच, होता, असे तो शिकवू लागला. शरीर माणसाचे आणि मन देवाचे, ही कल्पना आमच्या वर्गातल्या जवळजवळ सगळ्या मुलांच्या मनात न शिकवताच होती, आणि खरे तर माझ्याही मनातले चित्र त्याहून फार वेगळे नव्हते. ३८१ मध्ये कॉन्स्टन्टिनोपलच्या सभेने ती शिकवण नाकारली. त्याच काळात नाझियान्झसच्या ग्रेगरीने एका पत्रात लिहिले की जे धारण केले नाही, ते बरे झाले नाही. भीती, संभ्रम, वेदना, निर्णय घेताना होणारी तगमग, हे सगळे मनातच घडते. तेच त्याने घेतले नसेल, तर माझा आजार जिथे आहे तिथपर्यंत तो पोचलेलाच नाही. परिचारिका ताईंनी हे वाक्य आपल्या पवित्र शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या, पहिल्या कोऱ्या पानावर लिहून घेतले.

एका मुलाने विचारले, “येशू देव आहे, तर तो गेथशेमाने बागेत प्रार्थना कोणाला करत होता? स्वतःलाच?” अटक होण्याआधी येशूने तिथे, मरणाचा प्याला टळावा, अशी प्रार्थना केली होती. हा प्रश्न मुलाचा म्हणून सोडून देण्यासारखा मुळीच नव्हता. पुत्र पित्याला प्रार्थना करत होता, आणि पिता व पुत्र एकतत्त्व असले तरी पिता म्हणजे पुत्र नव्हे, हे उत्तराचे पहिले अंग झाले. दुसरे अंग अधिक खोल आहे. “माझ्या इच्छेप्रमाणे नको, तर तुझ्या इच्छेप्रमाणे होवो,” यातली ‘माझी इच्छा’ कोणती? सातव्या शतकात काही जण म्हणू लागले की ख्रिस्ताला एकच, दैवी इच्छा होती. मॅक्सिमस नावाच्या साधूने याला विरोध केला. प्याला टळावा असे वाटणारी ती इच्छा खरीखुरी मानवी इच्छा होती आणि तिने स्वतःहून पित्याच्या इच्छेला होकार दिला, असे त्याचे म्हणणे होते. याबद्दल म्हातारपणी त्याची जीभ आणि उजवा हात छाटण्यात आला आणि ६६२ मध्ये तो परागंदा अवस्थेत मरण पावला. ६८०-८१ च्या सभेने त्याचीच बाजू खरी ठरवली. आदामाने माणूस म्हणून जिथे ‘नाही’ म्हटले, तिथे एका माणसाने ‘होय’ म्हणणे आवश्यक होते. देवाने माणसाच्या नावाने परस्पर होकार भरला, असे ते झाले नाही. मुलगा थोडा वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला की मग त्याला खरेच अवघड गेले असणार. पाळकसाहेबांनी यावर पुढे काहीच सांगितले नाही. मला वाटते, त्याची गरजही नव्हती.

या सगळ्याच्या मध्यभागी ४५१ ची काल्सिदोनची सभा आहे. काल्सिदोन आज इस्तंबूल शहरात सामावलेले आहे. तिथे जे ठरले, ते आम्हांला पाठ करावे लागले: एकच ख्रिस्त, देवत्वाने पित्याशी एकतत्त्व आणि मनुष्यत्वाने आपल्याशी एकतत्त्व, पापावाचून सर्व बाबतीत आपल्यासारखा, दोन स्वभाव, पण मिसळ न होता, बदल न होता, विभागणी न होता, वियोग न होता, व्यक्ती एकच. या चार ‘न होता’मुळे काही जण निराश झाले. हे कसे घडते, ते सभेने सांगितलेलेच नाही, असा त्यांचा आक्षेप होता. माझे मत वेगळे झाले. दोन्ही बाजूंच्या घसरड्या जागा दाखवून मधले रहस्य मोकळे ठेवण्यात त्या बिशपांचा मोठा संयम होता. जुन्या ख्रिस्ती लेखकांनी अग्नीत तापलेल्या लोखंडाचा दाखला दिला आहे: लोखंड लोखंडच राहते, अग्नी अग्नीच राहतो, पण दोन्ही एकत्र असतात आणि लोखंड जाळू लागते. तो उपयोगी आहे, पण थोडासाच; कारण लोखंडाला आग बाहेरून लागते, तर येशू आधी नुसता माणूस होता आणि मागाहून देवत्व पावला, असे मंडळीने कधीच मानलेले नाही.

काल्सिदोनविषयी आणखी एक गोष्ट नोंदवते. पुण्यात मलयाळी ख्रिस्ती कुटुंबे पुष्कळ आहेत आणि त्यांतली काही सिरियन ऑर्थोडॉक्स परंपरेतली आहेत. त्यांच्या मंडळ्यांनी ४५१ ची सभा कधीच स्वीकारली नाही. म्हणजे ते ख्रिस्ताचे मनुष्यत्व नाकारतात, असा माझा समज होता. पण तसे नाही. देहधारी झालेल्या शब्दाचा एकच संयुक्त स्वभाव, अशी अलेक्झांड्रियाच्या सिरिलची जुनी मांडणी ते जपतात आणि तीत देवत्व व मनुष्यत्व दोन्ही पूर्ण मानलेले आहेत. १९७३ मध्ये पोप सहावे पॉल आणि कॉप्टिक मंडळीचे तिसरे शेनौदा यांनी, तर १९८४ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल आणि सिरियन ऑर्थोडॉक्स मंडळीचे प्रमुख यांनी संयुक्त निवेदने केली आणि ख्रिस्ताविषयीची आपली कबुली मुळात एकच असल्याचे मान्य केले. पंधराशे वर्षांच्या दुराव्यानंतर हे घडले, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

वर्गाबाहेरही हा विषय माझ्या मागे येत असे. दुपारच्या डब्याच्या वेळी कार्यालयातल्या एका ज्येष्ठ सहकारी बाईंनी मला विचारले, “म्हणजे तुमच्याकडे येशू हा अवतारच ना? आमच्याकडे दहा, तुमच्याकडे एक.” त्यांच्या विचारण्यात आपुलकी होती आणि उत्तर देणे माझे कर्तव्य होते. पुण्यासारख्या शहरात, जिथे आळंदी आणि देहू हाकेच्या अंतरावर आहेत, ख्रिस्ती माणसाला या प्रश्नाला कधी ना कधी सामोरे जावेच लागते. मी त्यांना सांगितले ते असे. भगवंत माणसांत येतो, ही ओढ दोन्हीकडे आहे आणि ती मला मौल्यवान वाटते. पण गीतेत श्रीकृष्ण ‘युगे युगे’ म्हणतात, तर बायबलमधल्या, इब्री (यहूदी) लोकांस लिहिलेल्या पत्रात ‘एकदाच’ हा शब्द पुन्हा पुन्हा येतो. गीतेत येण्याचे प्रयोजन साधूंचे रक्षण आणि दुष्टांचा विनाश हे आहे. येशूचा प्रेषित पौल रोमकरांस लिहितो की आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मेला. आणि तिसरी गोष्ट, जी मलाही वर्गात येईपर्यंत नीट उमगली नव्हती: पुत्राने घेतलेला मानवी देह कार्य संपल्यावर टाकून दिलेला नाही. पुनरुत्थानानंतर त्याच्या हातांवर खिळ्यांचे व्रण होते आणि त्याच देहाने त्याचे स्वर्गारोहण झाले. आमच्या विश्वासाप्रमाणे तो आजही माणूस आहे आणि यापुढेही राहील. बाईंनी शांतपणे ऐकून घेतले आणि “हे असे कोणी सांगितले नव्हते,” असे म्हटले. आम्ही आजही अधूनमधून यावर बोलतो.

पुण्याचा या विषयाशी आणखी एक जुना संबंध आहे आणि तो मला फार जवळचा आहे. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे झाला. ज्या भगिनीसंघाकडे त्या राहिल्या, त्याच संघाच्या भगिनी पुण्यात पंचहौद मिशनमध्ये काम करत होत्या. बाप्तिस्मा झाल्यानंतरच्या काळात त्रैक्य (पिता, पुत्र व पवित्र आत्मा मिळून एकच देव) आणि ख्रिस्ताचे देवत्व यांविषयी रमाबाईंना गंभीर शंका आल्या. सिस्टर जेराल्डीन आणि चेल्टनहॅमच्या डोरोथिया बील यांच्याशी झालेल्या त्यांच्या पत्रव्यवहारात त्या शंका निर्भीडपणे मांडलेल्या आहेत. मंडळी सांगते एवढ्याच कारणाने एखादे मत स्वीकारायला त्या तयार नव्हत्या. आपल्याला स्वतःचा विवेक आणि स्वतःची बुद्धी आहे, असे त्यांनी स्पष्ट कळवले. काही वर्षांनी, शारदा सदन पुण्यात आल्यानंतरच्या काळात, त्यांचा ख्रिस्तावरचा विश्वास व्यक्तिगत आणि दृढ झाला. पुढे केडगावला मुक्ती मिशन उभे राहिले आणि मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून संपूर्ण पवित्र शास्त्र मराठीत आणण्याचे काम त्यांनी आयुष्याच्या अखेरपर्यंत केले. पाळकसाहेबांनी आम्हांला एका रविवारी गुरुवार पेठेत पंचहौदच्या पवित्र नाम देवालयात नेले आणि तिथल्या उंच घंटाघराखाली उभे राहून ही हकिकत सांगितली. शंका विचारणारी माणसे विश्वासाच्या बाहेरची असतात, असा मुलांचा ग्रह होऊ नये, हा त्यांचा हेतू होता. माझ्यापुरते सांगायचे तर रमाबाईंच्या शंकांनीच मला धीर दिला. ज्या बाईने या शहरात विधवांसाठी घर उघडले, तिने ख्रिस्ताच्या देवत्वाचा प्रश्न सहजासहजी सुटू दिला नाही, हे कळल्यावर माझे प्रश्न मला ओझे वाटेनासे झाले.

ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू झाल्यावर आम्ही ख्रिस्ताच्या कार्याकडे वळलो. १५६३ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्ग येथे तयार झालेल्या प्रश्नोत्तरावलीतले दोन प्रश्न पाळकसाहेबांनी फळ्यावर लिहिले. त्याला ख्रिस्त, म्हणजे अभिषिक्त, का म्हणतात? आणि तुला ख्रिस्ती का म्हणतात? जुन्या करारात संदेष्टा, याजक आणि राजा यांच्या नेमणुकीशी अभिषेकाचा संबंध आहे. तिन्ही पदे येशूमध्ये एकवटली आहेत, ही कल्पना कैसरियाच्या युसेबियसच्या लेखनात आढळते आणि जॉन कॅल्विनने १६ व्या शतकात ती सविस्तर मांडली. संदेष्टा या नात्याने तो देवाचे वचन सांगतो; मात्र इतर संदेष्टे “परमेश्वर असे म्हणतो” अशी सुरुवात करतात आणि तो “मी तुम्हांस सांगतो” असे म्हणतो. हा भाग मुलांना लगेच समजला.

राजपदाचा भाग सगळ्यांना आवडला, पण तो पटायला वेळ लागला. गाढवीच्या शिंगरावर बसून नगरीत येणारा, शिष्यांचे पाय धुणारा, काट्यांचा मुकुट घातलेला राजा. त्याच्या वधस्तंभावरचा “यहूद्यांचा राजा” हा लेख हिब्री, लॅटिन आणि ग्रीक या तिन्ही भाषांत होता, असे योहान सांगतो. रोमन सुभेदार पिलाताला येशू म्हणतो की माझे राज्य या जगाचे नाही. त्याचा अर्थ त्याचे या जगाशी देणेघेणे नाही असा नव्हे. त्याच्या सत्तेचा उगम या जगात नाही, असा आहे. झावळ्यांच्या रविवारी आमच्या मंडळीची मिरवणूक निघते, तेव्हा मी लहानपणापासून त्यात चालत आले आहे. या वर्षी मी कोणत्या राजाच्या मागे चालते आहे, याचे भान अधिक होते.

याजकपदावर मात्र आम्ही सर्वांत जास्त थांबलो. याजक माणसांच्या वतीने देवासमोर उभा राहतो, म्हणून तो माणसांतलाच असावा लागतो. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा सगळा भर यावर आहे: आपल्या दुर्बलतेविषयी सहानुभूती वाटत नाही असा आपला प्रमुख याजक नाही, तो सर्व प्रकारे आपल्याप्रमाणे पारखला गेला, तरी निष्पाप राहिला. ताई त्या दिवशी पहिल्यांदाच दीर्घ बोलल्या. रात्रपाळीला अखेरच्या घटका मोजणाऱ्या माणसाजवळ त्या अनेकदा बसल्या आहेत. “मला तुमचे दुःख कळते,” असे त्या कधीच म्हणत नाहीत, कारण ते खरे नसते. पण मरण आतून पाहिलेला एक जण देवाच्या उजवीकडे आहे आणि तो या माणसासाठी विनवणी करतो, हे त्यांना खरे वाटते आणि त्याच आधारावर त्या तिथे बसू शकतात.

हायडेलबर्गच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे की विश्वासाने आपण त्याच्या अभिषेकात सहभागी होतो: त्याचे नाव कबूल करण्यासाठी, स्वतःला उपकारस्तुतीचा जिवंत यज्ञ म्हणून अर्पण करण्यासाठी आणि पापाशी झुंजण्यासाठी. दृढीकरणात आपण नेमके काय स्वीकारणार आहोत, ते मला इथे कळले.

सर्वांत अवघड संध्याकाळ वधस्तंभाची होती. एका मुलीने विचारले, “देवाला क्षमा करायचीच होती, तर त्याने नुसती का केली नाही? दुसऱ्या कोणाला का मारायचे?” पाळकसाहेबांनी आधी हे सांगितले की ख्रिस्त कोण आहे, यावर मोठ्या सभांनी निर्णय दिले, पण त्याच्या मरणाने तारण नेमके कसे होते, याची एकच व्याख्या त्यांनी कधी बांधून दिली नाही. आरंभीच्या लेखकांनी त्याकडे मरण आणि सैतान यांच्यावरचा विजय म्हणून पाहिले. ११ व्या शतकाच्या अखेरीस कँटरबरीचा आर्चबिशप अन्सेल्म याने मांडले की पापाने देवाच्या सन्मानाचे जे देणे झाले ते माणसाने द्यायला हवे आणि फक्त देवच देऊ शकतो. म्हणून देणारा देव-मनुष्य असणे भाग होते. नंतर अबेलार्डने, वधस्तंभावर दिसणाऱ्या प्रीतीमुळे आपले हृदय पालटते, यावर भर दिला. प्रॉटेस्टंट सुधारणावाद्यांनी आपल्याऐवजी शिक्षा सोसणाऱ्याविषयी सांगितले. शास्त्रात या सगळ्यांना आधार सापडतो.

मुलीचा प्रश्न मात्र याने पूर्ण सुटला नव्हता, आणि पाळकसाहेबांनाही ते जाणवले. त्यांनी तिला पुन्हा नायसियाकडे नेले. येशू हा देव आणि माणूस यांच्यामधला कोणी तिऱ्हाईत असेल, तर तुझा आक्षेप अगदी बरोबर आहे, ते म्हणाले; एकाच्या अपराधासाठी भलत्याच निरपराध्याला मारणे हा अन्यायच आहे. पण पुत्र खऱ्या देवापासून खरा देव असेल, तर वधस्तंभावर देवाने दुसऱ्या कोणाला पुढे केले नाही. क्षमा करणाऱ्याला अपराधाची झळ स्वतः सोसावी लागते, आणि ती त्याने स्वतः सोसली. पौलाच्या शब्दांत, देव ख्रिस्ताच्या ठायी जगाचा स्वतःबरोबर समेट करत होता. मी इतकी वर्षे उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवरचे उपदेश ऐकत आले आहे. “माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?” हा उद्गार मला नेहमी देवाविरुद्धचा पुरावा वाटत असे. आता तो देवानेच माणसाच्या टाहोत आपला आवाज मिसळल्यासारखा ऐकू येतो. या एका संध्याकाळसाठी मी तो वर्ग पुन्हा पहिल्यापासून करायला तयार होईन.

विधीच्या आधी प्रत्येकाची पाळकसाहेबांबरोबर एकट्याने भेट झाली. मुलांना आज्ञा आणि प्रभूची प्रार्थना विचारली गेली. मला त्यांनी मार्कच्या आठव्या अध्यायातला प्रश्न विचारला, फिलिप्पाच्या कैसरियाकडे जाताना येशूने शिष्यांना विचारलेला: तुम्ही मला कोण म्हणता? मी काल्सिदोनच्या व्याख्येपासून सुरुवात केली आणि त्यांनी मला पूर्ण बोलू दिले. मग ते म्हणाले, “हे मंडळीचे उत्तर झाले आणि ते बरोबर आहे. आता तुमचे सांगा.” मी म्हटले, तो देव आहे, म्हणून मी त्याच्यापुढे गुडघे टेकते, आणि तो माणूस आहे, म्हणून गुडघे टेकताना मला त्याची भीती वाटत नाही. त्यांनी वहीत माझ्या नावापुढे खूण केली.

ईस्टरनंतरच्या एका रविवारी बिशप आले. मुली आणि आम्ही दोघी बायका पांढऱ्या साड्या-ओढण्यांत, मुलगे पांढऱ्या सदऱ्यांत पहिल्या बाकांवर बसलो होतो. बाप्तिस्म्याच्या वचनांची उजळणी झाली, नायसियाचा विश्वासांगीकार सगळ्या मंडळीने उभे राहून म्हटला आणि आम्ही एकेक करून पुढे गेलो. बिशपांनी मस्तकावर हात ठेवून, प्रभूने आपल्या स्वर्गीय कृपेने या दासीचे रक्षण करावे आणि ती सर्वकाळ त्याची राहावी, अशी प्रार्थना केली. त्यानंतर भाकर आणि प्याला. याजकाने अर्पण केलेले आणि याजकच स्वतः अर्पण झालेला, असे इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचे जे म्हणणे आम्ही महिनोन्महिने वाचत होतो, ते त्या मेजावर मला एकत्र दिसले.

काही प्रश्न अजून सुटलेले नाहीत. मार्कच्या तेराव्या अध्यायात येशू म्हणतो की त्या दिवसाविषयी, म्हणजे जगाच्या अखेरीविषयी, पुत्रालाही ठाऊक नाही. मानवी अज्ञान आणि दैवी सर्वज्ञता एका व्यक्तीत कशी राहिली, यावर ताईंचे आणि माझे एकमत होत नाही. वर्ग संपला असला तरी आम्ही दोघी आणि तो चिंचवडचा तरुण दर बुधवारी उपासनेनंतर तासभर थांबून इब्री लोकांस पत्र वाचतो. सध्या आम्ही सातव्या अध्यायात, मलकीसदेक या प्राचीन राजा-याजकाच्या प्रकरणावर आहोत.